‘जर्मन टेक्नॉलॉजी’ आणि दादाची वॅगन-आर

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय: 2010 च्या वॅगन-आरचं ‘कार्बन क्लीनिंग’ करायचं की नाही. दादा म्हणतो, करायचंच. गाडीला पंधरा वर्षं झाली, रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणासाठी आरटीओची तपासणी आहे, आणि इंजिनात कार्बन साचलाय असं गॅरेजवाल्याने सांगितलंय. इथवर मी गप्प होतो. मग त्याने मशीनचा फोटो टाकला. चाकांवरचा डबा, त्यातून निघालेली हायड्रोजनची नळी आणि वर ठळक स्टिकर: ‘जर्मन टेक्नॉलॉजी’. खाली दादाचा प्रश्न: “तुझ्या तिथे जर्मनीत तर प्रत्येक सर्व्हिसला करत असतील ना?”

म्हणजे साक्षीदार म्हणून मलाच उभं केलं. मग बोलणं भाग होतं.

दादा, मी ज्या गॅरेजात जातो तिथे कुणी सर्व्हिसच्या यादीत हे घालत नाही. मास्टर, म्हणजे तिथला मुख्य मेकॅनिक, आधी विचारतो, गाडीला होतंय काय. काही होत नसेल तर तो इंजिनाला हात लावत नाही, आणि लावायचा असेल तर आधी कोस्टनफोरआनश्लाग, म्हणजे खर्चाचा लेखी अंदाज, हातात देतो. राहिला जर्मन शिक्का. त्यावर किती विसंबायचं, ते 2015 साली फोक्सवागन या जर्मन कंपनीच्या डिझेल घोटाळ्याने (धुराच्या चाचणीत फसवणारं सॉफ्टवेअर) साऱ्या जगाला दाखवून दिलंय. (ग्रुपवर एक गोष्ट मी लिहिली नाही: इथल्या बाऊमार्क्टमध्ये, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, ‘टाकीत ओता आणि इंजिन नवं करा’ छापाच्या बाटल्यांचं एक अख्खं कपाट असतं, आणि लोक त्या घेतातही.)

मूळ प्रश्न साधा आहे. कार्बन कुठे साचतो आणि तिथवर काय पोचतं? वॅगन-आरचं इंजिन एमपीएफआय. त्यात पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपेच्या, पाठीवर पडतो, त्यामुळे व्हॉल्व्ह चालता चालताच धुतला जातो. सिलिंडरच्या आत थोडा थर बसतो, पण बहुतेक इंजिनं तो थर अंगावर घेऊन आयुष्यभर बिनतक्रार धावतात. हायड्रोजनचं मशीन पाण्याचं विघटन करून तो वायू हवेच्या पाइपातून आत सोडतं, तेही गाडी आयडलवर असताना. इंजिन ओढत असलेल्या हवेपुढे तो वायू चिमूटभर. शिवाय जळतो तो सिलिंडरात. व्हॉल्व्हची पाठ त्याच्या आधीच्या वाटेवर असते, तिथे आग पोचतच नाही. मग तिथला थर तो जाळणार कसा?

“पण धुराच्या मीटरवर फरक दिसतो,” दादाने लिहिलं. दिसणारच. पहिलं रीडिंग घेतात तेव्हा इंजिन पुरतं तापलेलं नसतं, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अर्धवट गरम. मग अर्धा-पाऊण तास गाडी चालू ठेवायची आणि दुसरं रीडिंग घ्यायचं. तापलेला कन्व्हर्टर आपलं काम नीट करतो, आकडे खाली येतात, कौतुक मशीनचं होतं. त्यातच एअर फिल्टर बदललेला असतो, थ्रॉटल बॉडी पुसलेली असते. गाडी हलकी वाटते ती त्यामुळे.

या श्रद्धेचं मूळ मला ठाऊक आहे, आणि ते खोटं नाही. बाबांची टू-स्ट्रोक स्कूटर होती. पेट्रोलात ऑइल मिसळून चालणारं इंजिन, त्यामुळे कार्बन हा तिचा स्थायीभाव. मेकॅनिक ठरावीक काळाने हेड उघडायचा, पिस्टनच्या डोक्यावरचा काळा थर खरवडायचा आणि सायलेन्सर सरळ आगीत तापवून साफ करायचा. त्यानंतर स्कूटर चढावर खरंच वेगळी ओढायची. मागे बसून मी ते अनुभवलंय. पण तिथे माणूस थर डोळ्यांनी बघत होता आणि हाताने काढत होता. आता स्कूटरचं शहाणपण चारचाकीला लावून, न बघता, न उघडता, नळी जोडून पैसे घेतात.

यावर वहिनीने मला बरोबर पकडलं. “भाऊजी, तुम्ही स्वतःच्या गाडीचं केलं होतंत ना?” केलं होतं. माझी गाडी डायरेक्ट इंजेक्शनची पेट्रोल आहे. तिच्यात पेट्रोल थेट सिलिंडरात जातं, व्हॉल्व्ह धुवायला कुणी येत नाही, आणि क्रँककेसमधल्या ऑइलच्या वाफा त्यावर बसून भाजल्या जातात. हिवाळ्यात सकाळी सुरू करताच ती अडखळायची, मिसफायरचा कोड यायचा. मास्टरने कॅमेरा आत घालून व्हॉल्व्ह दाखवले, मग मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबाने मारून ते साफ केले. अडखळणं थांबलं. लक्षण होतं, पुरावा होता, मग उपाय झाला. तसंच काकांच्या डिझेल स्विफ्टचं. तिचा ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी झडप) काजळीने अडकला असेल, गाडी काळा धूर सोडत असेल, तर तो खोलून साफ करा, पैसे वसूल होतील. वॅगन-आरला यातलं काहीच होत नाहीये.

खरं तर मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. पंधरा वर्षं झाली की गाडी आजारी असणारच, हे घरात सगळ्यांनी धरून टाकलंय. दिल्लीत डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची रेघ सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम केली. 2025 च्या जुलैत तिथल्या पंपांवर जुन्या गाड्यांना इंधन नाकारायला सुरुवात झाली आणि थोड्याच दिवसांत ते गुंडाळावं लागलं. इथे तीस वर्षांची नीट राखलेली गाडी असेल तर तिला एच-केनत्साइखन, म्हणजे ऐतिहासिक गाडीची खास नंबरप्लेट, मिळतं आणि करातही सवलत. हे मी ग्रुपवर मोठ्या तोऱ्यात लिहिलं. मात्र याच जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहराने 2019 मध्ये युरो 4 पर्यंतच्या (युरोपच्या जुन्या प्रदूषण-मानकांच्या) डिझेल गाड्यांना शहरबंदी केली, ते मात्र लिहिलं नाही. दादाला ते शोधायला वेळ नसतो, हे मला माहीत आहे.

वेळ नसतो, कारण बाबांना तपासणीला नेणं, आईला बँकेत सोडणं, हे सगळं त्याच गाडीतून तोच करतो. तो म्हणालाच शेवटी, “तुला तिथे बसून इंजिनाचा आवाज येतो का रे?” नाही येत. घरातल्या मोठ्या निर्णयांत माझं मत आता विचारतात ते निर्णय झाल्यावर. गाडी ही एकच गोष्ट अशी उरलीय जिच्याबद्दल मला घरातल्यांपेक्षा जास्त कळतं, असं मी म्हणू शकतो. म्हणून रात्री बारा वाजता झोपायचं सोडून मी स्पार्क प्लगवर निबंध लिहीत बसतो. ती गाडी भंगारात जाऊ नये असं वाटतं, त्यात इंजिनाचा भाग किती आणि माझा किती, हे दादाने विचारलेलं नाही, बरंच आहे.

तर दादा, शेवटचं. आधी पीयूसी करून आकडे बघ. प्लग काढून फोटो पाठव. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरातल्या दाबाची तपासणी, करायला सांग. कॉम्प्रेशन कमी निघालं तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हचा प्रश्न आहे, तो वायूने सुटत नाही. रिंगमधून ऑइल जळत असेल तर आज काढलेला कार्बन वर्षभरात पुन्हा येईल. चांगलं निघालं तर ते पैसे टायरांत घाल. आरटीओचा माणूस टायर, ब्रेक आणि दिवेही बघतो, आणि पुढचे दोन टायर मी मागच्या सुट्टीत बघून आलोय.