प्री-ॲम्पबद्दलच्या २ स्टार रिव्ह्यूला वर्कशॉपकडून उत्तर

नमस्कार सर,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "जे सांगायचंय ते इथेच लिहा, बाकीच्यांनाही कळू दे." म्हणून इथेच लिहितो. थोडं लांबेल, पण तुम्ही मोजलेले पैसे आणि घालवलेला वेळ पाहता दोन ओळींत उरकणं मला बरं वाटत नाही.

तुमच्या रिव्ह्यूचा सारांश असा: व्हॉल्व्हच्या (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांच्या) प्री-ॲम्पसाठी, म्हणजे पॉवर ॲम्पला सिग्नल देणाऱ्या युनिटसाठी, एसआरपीपीचं (एकावर एक दोन ट्रायोड मिळून चालणारं) सर्किट स्वतः आणून दिलं होतं, आम्ही मनानेच कॅथोड फॉलोअर (व्हॉल्व्हच्या कॅथोडवरून सिग्नल काढणारी आउटपुट स्टेज) बसवला. आवाज कोरडा, व्हॉल्व्हची ऊब नाही. आपल्या नाशिक ढोलाचं रेकॉर्डिंग लावलं तर ठोका पोकळ लागतो. बटण दाबल्यावर पाऊण मिनिट काहीच ऐकू येत नाही. आणि तीन आठवडे सांगून सहा लावले.

आधी ढोल, कारण तिथे चूक सरळ माझी आहे. फोनवर तुम्ही पॉवर ॲम्पच्या पुस्तिकेतली ओळ वाचून दाखवलीत: इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) १० किलोओहम. ते ऐकल्याबरोबर लक्षात आलं. तुमच्या प्री-ॲम्पच्या आउटपुटला मी ०.४७ मायक्रोफॅरडचा कपलिंग कॅपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) लावलाय. पुढे १०० किलोओहमचा ॲम्प असता तर तो साडेतीन हर्ट्झपर्यंत खाली पोचला असता, काही बिघडलं नसतं. १० किलोओहमपुढे तोच कॅपॅसिटर ३४ हर्ट्झलाच कापायला लागतो. फोन ठेवला आणि तुमच्यासारखंच दुसरं युनिट टेबलावर घेतलं, आउटपुटला १० किलोओहमचा रेझिस्टर जोडला आणि ऑसिलेटर (हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणारं यंत्र) हळूहळू खाली आणला. स्कोपवर (सिग्नलची लाट दाखवणाऱ्या यंत्रावर) १००० हर्ट्झला सहा घरं उंच असलेली लाट ४० हर्ट्झला साडेचारवर आली आणि २० हर्ट्झला तीनवर. म्हणजे तुमच्या कानाने जे सांगितलं तेच पडद्यावर दिसलं. ढोलाचं खालचं अंग मीच कापून दिलं होतं.

असं का झालं, तेही सांगतो. ऑर्डर देताना तुम्ही मित्राकडच्या व्हॉल्व्ह ॲम्पबद्दल इतकं मनापासून बोललात, की तुमच्याकडेही तसाच असणार असं मी धरून चाललो. पुढे काय जोडणार आहात, हा प्रश्न मी विचारलाच नाही. पंचवीस वर्षं हे काम करतोय आणि येणाऱ्या प्रत्येकाला मीच सांगतो की आउटपुट स्टेज पुढचा लोड (जोडलेल्या ॲम्पचा इम्पीडन्स) बघून ठरवायची असते. तुमच्या वेळी तो लोड विचारायचा राहून गेला.

आता सर्किटबद्दल. इथे मात्र निवड बरोबर होती असं मला आजही वाटतं. तुम्ही न पटता मान्य करावं अशी अपेक्षा नाही, म्हणून आकडे देतो.

तुम्ही आणलेल्या चित्रात ईसीसी८३ या व्हॉल्व्हचे दोन ट्रायोड (कॅथोड आणि प्लेटमधला करंट ग्रिडने कमी-जास्त करणारे भाग) एकावर एक होते आणि मध्ये दीड किलोओहमचा रेझिस्टर. एसआरपीपीचं मर्म त्या मधल्या रेझिस्टरमध्ये आहे. खालचा ट्रायोड सिग्नल वाढवतो. त्याचा करंट त्या रेझिस्टरमधून जातो, त्यावर पडणारं व्होल्टेज वरच्या ट्रायोडला चालवतं आणि दोघं मिळून पुढचा लोड ओढतात. दोघांनी समसमान ओढलं तर एकाचं डिस्टॉर्शन (सिग्नलचा आकार बिघडणं) दुसरा बरंचसं खोडतो. पण ही वाटणी एकाच लोडला जमते. हिशोब सोपा आहे: ट्रायोडच्या प्लेट रेझिस्टन्समध्ये लोडची दुप्पट मिळवायची आणि ॲम्प्लिफिकेशन फॅक्टरने भागायचं, की मधला रेझिस्टर मिळतो. ईसीसी८३ साठी ६२.५ किलोओहम आणि १०० हे आकडे धरून उलटा हिशोब केला, तर दीड किलोओहमला साजेसा लोड येतो ४४ किलोओहमच्या आसपास. मी मनात धरलेला लोड होता १०० आणि तुमचा खरा निघाला १०. दोन्हीकडे ते सर्किट बसत नाही.

शिवाय त्या सर्किटचा आउटपुट इम्पीडन्स १४-१५ किलोओहम येतो. तुमच्या १० किलोओहमच्या ॲम्पपुढे निम्म्याहून जास्त सिग्नल आतल्या आतच गेला असता. करंटचंही बघा. २ व्होल्टचा सिग्नल १० किलोओहममध्ये ढकलायला शिखरावर पाव मिलिॲम्पहून थोडा जास्त करंट लागतो. ईसीसी८३ असल्या सर्किटमध्ये एखाद्या मिलिॲम्पवर चालतो, म्हणजे त्याच्या चालत्या करंटच्या चौथ्या भागाहून जास्त झाला. डिस्टॉर्शन वाढतं ते इथे. तुमच्या प्री-ॲम्पमध्ये फॉलोअरला ईसीसी८८ व्हॉल्व्ह आहे, ८ मिलिॲम्पवर. त्याला एवढा करंट जाणवतही नाही.

तुमची ६ मीटरची केबल मात्र माझ्या डोक्यात होती. प्री-ॲम्प खुर्चीजवळ आणि ॲम्प हॉलच्या दुसऱ्या टोकाला स्पीकरपाशी, हे तुम्ही पहिल्याच भेटीत कागदावर काढून दाखवलं होतं. मीटरला १०० पिकोफॅरड धरले तरी ६०० होतात. १०० किलोओहमचा ॲम्प धरला, तर तुमच्या सर्किटचा आवाज २० हजार हर्ट्झच्या आसपासच ३ डेसिबलने खाली आला असता. कॅथोड फॉलोअरचा आउटपुट इम्पीडन्स आहे १०० ओहमच्या आसपास. त्याला ६ मीटर केबल म्हणजे काहीच नाही.

आणि "कोरडा" म्हणालात त्याबद्दल. तुमच्या ऑर्डरच्या मेसेजमध्ये पहिलंच वाक्य होतं, "डिस्टॉर्शन कमीत कमी पाहिजे." कॅथोड फॉलोअर त्यासाठीच असतो. ग्रिड जेवढी वर जाते जवळजवळ तेवढाच कॅथोडही वर जातो, त्यामुळे २ व्होल्टचा सिग्नल आला तरी ग्रिड आणि कॅथोड यांच्यामध्ये प्रत्यक्षात एक दशांश व्होल्टही हलत नाही. व्हॉल्व्हच्या वक्र रेषेचा इतका छोटा तुकडा वापरला की तो सरळच असतो. एकट्या ट्रायोडमध्ये जो दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर) तयार होतो, ज्याला आपण बरेचदा ऊब म्हणतो, तो इथे अगदी थोडा उरतो. ही नवी टूम नाही, मरांट्झ ७ सारख्या नावाजलेल्या जुन्या प्री-ॲम्पच्या आउटपुटलाही कॅथोड फॉलोअरच आहे. मित्राकडे ऐकलेली ऊब बहुधा त्यांच्या पॉवर ॲम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची आणि स्पीकरची आहे. ती प्री-ॲम्पमध्ये घातली तर प्रत्येक रेकॉर्डिंगवर तोच रंग चढेल. माझ्या मते प्री-ॲम्पने तसं करू नये. हे माझं मत झालं, पण ऐकणार तुम्ही आहात. आणि तुमचं सर्किट बाजूला ठेवताना मी "थोडा बदल केलाय" एवढाच मेसेज टाकला. वर लिहिलंय ते सगळं तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं आणि तुमच्या होकारानंतरच सोल्डरिंग गन हातात घ्यायला हवी होती. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पाऊण मिनिटाची शांतता मुद्दाम ठेवलेली आहे, ती कृपया काढायला सांगू नका. फॉलोअरची ग्रिड आधीच्या ईसीसी८२ च्या प्लेटला थेट जोडलेली आहे. व्हॉल्व्ह थंड असताना हाय टेन्शन (प्लेटचं उच्च व्होल्टेज) आलं, तर ती प्लेट पूर्ण व्होल्टेजवर चढते आणि फॉलोअरचा थंड कॅथोड शून्यावरच राहतो. ग्रिड-कॅथोडमधल्या केसाएवढ्या फटीत तेवढं व्होल्टेज म्हणजे ठिणगीला आमंत्रण. म्हणून हीटर तापल्यावरच हाय टेन्शन जातं, आणि आउटपुटचा कॅपॅसिटर भरेपर्यंत रिले (आपोआप चालणारा स्विच) लाईन जमिनीला धरून ठेवतो. तो रिले नसता तर दर वेळी तुमच्या वूफरला धक्का बसला असता.

उशिराचं कारण पॉवर ट्रान्सफॉर्मर. पहिला वाइंड होऊन आला तो गुणगुणत होता, परत पाठवला. तारीख मात्र मीच दिली होती.

आता काय करतो ते. ४.७ मायक्रोफॅरडचे पॉलिप्रोपिलीन कॅपॅसिटर आणून ठेवलेत. अंगठ्याएवढे जाड आहेत, पण चॅसिसमध्ये बसतात, मोजून बघितलंय. ते लावल्यावर तुमच्या १० किलोओहमच्या ॲम्पलाही साडेतीन हर्ट्झपर्यंत वाट मोकळी होते. या कामाचा एक रुपयाही घेणार नाही. त्यासोबत तुमच्या चित्रातलं एसआरपीपी मी वेगळ्या बोर्डवर जोडून ठेवलंय, मधला रेझिस्टर १० किलोओहमच्या लोडसाठी बदलून ८२० ओहमचा केलाय. दोन्ही तुमच्याच ॲम्पवर, आवाजाची पातळी सारखी करून, मागे कोणतं चालू आहे ते न सांगता ऐकवतो. एसआरपीपी आवडलं तर तेच बसवून देईन. दोन्ही नकोसं वाटलं, तर प्री-ॲम्प ठेवून घेतो आणि पूर्ण पैसे त्याच दिवशी परत.

रविवारी सकाळी गंगापूर रोडला तुमच्या घरी यायची माझी तयारी आहे, स्कोप घेऊन येईन. वर्कशॉपलाच यायचं असेल, तर पॉवर ॲम्पबरोबर ती ६ मीटरची केबलही आणा. माझ्याकडे आहे ती दीड मीटरचीच.