दहा सेंटिमीटरचा सायकल ट्रॅक

सायकल ट्रॅक पाहावा तो नकाशावर. हिरवीगार रेघ, सलग, कुठे खळगा नाही, कुठे खांब नाही. काढणाऱ्याने एकदा पेन्सिल टेकवली ती थेट शहराच्या दुसऱ्या टोकालाच उचललेली असते. त्याच रेघेवरून निघालो की मला मात्र वाटेत सायकल कितीदा तरी उचलावी लागते.

आधी रुंदीचा हिशेब घ्या. हँडल साधारण ६५ सेंटिमीटर. पण सायकल सरळ रेषेत चालते हा समज सायकल न चालवणाऱ्यांचा. ती तोल सावरत नागमोडी जाते आणि वेग जितका कमी तितकी जास्त डुलते. म्हणून एका सायकलला मीटरभर जागा धरतात. एकेरी ट्रॅक किमान १.५ मीटरचा हवा, आणि मागच्याला पुढे जाऊ द्यायचं असेल तर २ मीटरचा. ठेकेदार हे १.५ मीटर मोजतो ते थेट भिंतीपासून. आता भिंतीला कोपर घासत कोण चालवतं? अर्धा मीटर तिथेच सुटला. दुसऱ्या बाजूला उंच कर्ब, म्हणजे कडेचा दगडी काठ असतो, त्यात पेडल अडकेल या धास्तीने आणखी पाव मीटर गेला. उरले ७५ सेंटिमीटर. त्यातून हँडल वजा करा. राहिलेल्या दहा सेंटिमीटरची वाटणी मी, माझा तोल आणि विजेचा खांब अशी तिघांत होते. खांबाचा वाटा आधीच ठरलेला असतो.

नुसता पांढरा पट्टा ओढून सायकलचं चित्र काढायचं, ही याहून स्वस्त तऱ्हा. देखल्या देवा दंडवत. रंग सुकायच्या आत आयत्या बिळावर नागोबा येऊन बसतात, चार चाकांचे. जिथे पट्टा उभ्या मोटारींना खेटून आखलेला असतो तिथे तर तो उघडणाऱ्या दारांसाठीच राखून ठेवल्यासारखा वाटतो. मोटारीचं दार उघडलं की जवळपास मीटरभर बाहेर येतं, १.५ मीटरच्या पट्ट्यातून ते वजा करा आणि काय उरतं ते पाहा. उपाय सोपा आहे. दोघांची अदलाबदल करायची. ट्रॅक फूटपाथकडे न्यायचा, मोटारी त्याच्या बाहेर उभ्या करायच्या आणि दारांसाठी मध्ये ८०-९० सेंटिमीटरची पट्टी सोडायची. मोटारींच्याच रांगेची भिंत होते. शिवाय बहुतेक मोटारींत चालक एकटाच असतो, त्यामुळे ट्रॅकच्या बाजूचं दार मुळात कमी वेळा उघडतं.

पृष्ठभागाबद्दल फार बोलत नाही, दात अजून खुळखुळताहेत. कडा तासलेले पेव्हर ब्लॉक दिसायला छान, पण प्रत्येक सांधा मनगटात मोजून घ्यावा लागतो. यंत्राने अंथरलेलं डांबर बरं. गटाराच्या जाळीचे गज सायकलच्या दिशेला आडवे हवेत. उभे बसवले की बारीक टायर त्यात तंतोतंत जातं आणि चालवणारा एकटाच पुढचा प्रवास करतो. ‘इथे कर्ब उतरवलाय’ असं कोणी सांगितलं की किती, ते विचारावं. बहुधा दोन-अडीच सेंटिमीटरचा काठ राहिलेला असतो. समोरून गेलात तर तो फक्त हादरा देतो, पण तिरकं गेलात तर चाक त्या काठावरून घसरत राहतं आणि आपण आडवे होतो. काठ म्हणजे शून्य हवा, थोडासाही नको.

हे सगळं मी माफ करीन. पण चौकाचं काय?

चौकाच्या तीस-चाळीस मीटर आधी ट्रॅक विरघळून जातो. कारण तिथे वळणाऱ्या मोटारींना एक जादा लेन हवी असते आणि ती काढायला दुसरी जागा नसते. म्हणजे जिथे कोणी आडवं येण्याची शक्यता नाही त्या मधल्या पट्ट्यात दगडी कठडे, कुंड्या, रात्री चमकणारे खुंट. आणि जिथे चहूकडून वाहनं येतात तिथे रिकामं डांबर. पोहायला शिकणाऱ्याला उथळ पाण्यात फुगा बांधावा आणि खोल पाण्यात तो काढून घ्यावा, तसं हे. शहरातल्या टकरी मुख्यतः चौकातच होतात हे आखणाऱ्यांना ठाऊक नसतं असं मुळीच नाही. ठाऊक असतं, पण तिथे मोटारींची रांग लांबली की फोन येतात. माझा फोन कोणी घेत नाही.

डच लोकांनी यावर तोड काढली ती कोपऱ्यात. चौकाच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक छोटं दगडी बेट. सायकलची ओलांडणी मुख्य रस्त्यापासून सुमारे पाच मीटर आत, म्हणजे एक मोटार उभी राहील इतकी मागे सरकवायची. मग वळणाऱ्या चालकाला खांद्यावरून मागे वळून बघावं लागत नाही; तो अर्धाअधिक वळलेला असतो आणि सायकल त्याला समोरच्या काचेत दिसते. कोपऱ्याची गोलाईही आवळायची. त्रिज्या दहा मीटर ठेवली तर मोटार ब्रेकला पाय न लावता वळते. चार-पाच मीटरवर आणली की पाय आपोआप जातो. यावर लगेच कोणीतरी अग्निशमन दलाचा बंब मध्ये घालतं. त्याची सोय आहे: कोपऱ्याचा बाहेरचा भाग खडबडीत दगडांचा, किंचित उंच ठेवतात. बंब त्यावरून जातो, मोटारवाला टायरच्या काळजीने जात नाही.

सिग्नलचं दुखणं निराळं. डांबरात तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. वर धातू आला की त्याच्या चुंबकीय क्षेत्रात फरक पडतो आणि सिग्नलच्या पेटीला कळतं की कोणी उभं आहे. सायकल वेटोळ्याच्या मधोमध उभी केली तर ते बऱ्याचदा कळत नाही. मग हिरवा दिवा येत नाही आणि सगळीकडून शिस्तीवर भाषणं मात्र येतात. युक्ती अशी की डांबरातली कापलेली चीर शोधायची आणि दोन्ही चाकं तिच्यावर धरायची. लोखंडच हवं असं नाही, अ‍ॅल्युमिनियमची रिम चालते. कार्बनची झुळझुळीत सायकल मात्र सिग्नलच्या लेखी बहुधा जन्मालाच आलेली नसते.

थांबण्याचं मला एवढं का लागतं तेही सांगतो. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो, वेग ताशी २० किलोमीटर: सुमारे १४०० ज्यूल ऊर्जा झाली. साधारण चालवणारा ८० वॅटच्या आसपास काढतो. म्हणजे प्रत्येक फुकटच्या थांब्याला सतरा-अठरा सेकंदांचं पायडल मारणं ब्रेकच्या रबरात जातं. मोटारवाल्याच्या बाबतीत पायाचा अंगठा हलतो. कोपनहेगनमध्ये नॉरेब्रो भागातल्या मुख्य रस्त्याचे सिग्नल ताशी २० च्या वेगाला जुळवून ठेवले आहेत. त्या वेगाने गेलं की हिरवे दिवे ओळीने मिळत जातात.

‘त्यांच्याकडे पहिल्यापासूनच तसं आहे’ हे उत्तर ठरलेलं. नाही. १९७० च्या सुमाराला डच रस्तेही मोटारींनी तुंबले होते आणि मुलं मरत होती. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा धोरण वळलं. ग्रोनिंगेन या डच शहराने १९७७ साली शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले. मोटारीला एका भागातून दुसऱ्यात सरळ जाता येईना, बाहेरच्या वळणरस्त्याने फिरून यावं लागे. सायकल मात्र सरळ. काम मुख्यतः एकेरी वाहतूक आणि पाट्यांचं. वळसा घालण्याची पाळी बदलली, एवढंच.

आपल्या वाट्याला मात्र खुंट येतात. मोटार आत शिरू नये म्हणून ट्रॅकच्या तोंडाशी खुंट ठोकतात, ते ठीक. दोघांमध्ये १.५ मीटर सोडलं की मोटार अडते, सायकल जाते. संख्या एक किंवा तीन हवी. दोन ठोकले तर येणारे-जाणारे दोघेही मधल्याच फटीत शिरतात आणि समोरासमोर येतात. बहुतेक ठिकाणी दोनच असतात. त्यांच्या पुढे अडीच मीटर लांबीची मालवाहू सायकल वळणारच नाही असे नागमोडी कठडे. आणि त्यांच्याही पुढे, काम चालू असल्यामुळे ‘सायकलस्वारांनी येथे उतरून चालत जावे’ ही पाटी. पाटीला दोन पाय लागतात, पायांना दोन खड्डे लागतात, आणि ते ट्रॅकमध्येच खणलेले असतात.