मायला बाजेवरून उठू द्या

केमोच्या दिवसांत मायला फोन लावला की मागून मावशीचा आवाज यायचा, "उठू नको वं बाई, पडी ऱ्हाय." अमळनेरजवळच्या आमच्या घरी ओसरीत तिची बाज टाकलेली. पाणी जागेवर, ताट जागेवर, न्हाणीपर्यंत जायचं तरी दोघी धरून न्यायच्या. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन केमो सुरू झाली होती. घरच्या ग्रुपवर रोज एकच विषय, प्रतिकारशक्ती कशी वाढवायची. कुणी गुळवेल सांगे, कुणी काढा, कुणी डब्यातली महागडी पावडर. चालण्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

मी राहते कोपनहेगनला. इथल्या दोन विद्यापीठ रुग्णालयांत केमो चालू असलेल्या रुग्णांना सहा आठवडे, आठवड्याला नऊ तास व्यायाम, आणि त्यातच अंग सैल सोडायचे प्रकार व मालिश, असं देऊन पाहिलं. २६९ जणांवरचा हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. व्यायाम करणाऱ्यांचा थकवा कमी झाला, अंगातली ताकद वाढली. हे मी वाचलं आणि ग्रुपवर टाकलं, तर काकांचं उत्तर आलं, "जन्मभर कापूस वेचला तिनं, आता तरी आराम करू दे."

काकांचं प्रेम खरं आहे. पण पडून राहिलं की स्नायू झडतात आणि थकवा उलट वाढतो, मग माणूस आणखीच पडून राहतो.

ज्या प्रतिकारशक्तीसाठी आपण काढे उकळतो, तिच्याशी चालण्याचा थेट संबंध आहे. आपल्या रक्तात नॅचरल किलर नावाच्या पेशी असतात, त्या बिघडलेल्या पेशी ओळखून मारतात. दम लागेल इतकं चाललं की अॅड्रेनालिन वाढतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या या पेशी काही मिनिटांत रक्तात उतरतात. थांबल्यावर तासाभरात त्या पुन्हा रक्तातून कमी होतात, म्हणून एक दिवस चालून भागत नाही. २०१६ साली कोपनहेगनच्याच संशोधकांनी चाकावर धावणाऱ्या उंदरांत पाहिलं, की गाठींची वाढ साठ टक्क्यांहून जास्त घटली आणि या पेशी गाठीत शिरलेल्या सापडल्या. उंदरांतलं सगळं माणसात तसंच घडतं असं सिद्ध झालेलं नाही. केमो सोडून चालत सुटा, असं तर मी कुणालाच सांगणार नाही.

पण माणसांचे आकडेही आले आहेत, तेही मायच्याच आजाराचे. २०२५ साली आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. केमो संपल्यावर तीन वर्षं ज्यांच्याकडून नेमानं व्यायाम करून घेतला, त्यांच्यातले आठ वर्षांनी शंभरातले नव्वद हयात होते. ज्यांच्या हाती नुसती माहितीपुस्तिका दिली, त्यांच्यातले त्र्याऐंशी. पुस्तिकेतही व्यायाम करा असंच लिहिलं होतं. फरक पडला तो पाठपुरावा करणाऱ्या माणसामुळे.

इथे ते काम नर्स आणि फिजिओथेरपिस्ट करतात. व्यायामाआधी ताप, नाडी, बीपी बघतात; ताप असेल तर त्या दिवशी सुट्टी. आमच्याकडे रुग्ण जळगाव, नाशिक नाहीतर मुंबईहून केमो घेऊन येतो, हातात गोळ्यांचा कागद असतो, चालण्याबद्दल त्यावर एक ओळ नसते. त्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. पण इथला रुग्ण कित्येकदा रिकाम्या घरी परततो, आणि मायला भेटायला दिवसाला दहा बायका येतात. बाजेशेजारी बसून त्या हळहळतात. त्यातल्या एकीनं, सर्दी-खोकला नसेल तर, तिला गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणावं, एवढंच माझं मागणं होतं.

शेवटी मी मायच्या डॉक्टरांनाच विनंती केली, कागदावर लिहून द्या. त्यांनी लिहिलं: रक्त तपासणीत पेशींचं प्रमाण ठीक असेल तेव्हा रोज चालणे, ताप आला तर थांबणे. त्या एका ओळीनं मावशी ऐकली.

पहिल्या दिवशी ओसरीपासून दारच्या निंबापर्यंत. मग सकाळी ऊन चढायच्या आत दोन फेऱ्या, मग मारुतीच्या पारापर्यंत. संध्याकाळी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं. व्हिडिओवर मी मोजायचे. सातव्याला तिचे गुडघे थरथरायचे, आणि मावशी धरायला पुढे झाली की माय हातानंच तिला मागे सारायची.