‘दुखलं की थांबायचं, गेज कशाला?’ या मेसेजला माझं उत्तर

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांनी मोबाइलवर दाखवला. तिघेही दुकानातली गर्दी ओसरल्यावर आले. तिघांनीही आधी दुसरंच काहीतरी घेतलं, कुणी ओआरएसची पाकिटं, कुणी दाढीची पाती, आणि मग आवाज खाली आणून फोन पुढे केला. फोंड्यात माझी फार्मसी आहे, बावीस वर्षं झाली. पुरुष डॉक्टरला विचारत नाहीत ते काउंटरवर विचारतात, तेही निघता निघता.

मेसेज थोडक्यात असा: ‘पुरुषांनो, लुटले जाऊ नका. लिंगासाठीचा व्हॅक्यूम पंप म्हणजे नुसती हवा ओढणं. गॅरेजवाले ब्रेकचं ऑइल काढायला वापरतात तोच हातपंप चालतो. गेज म्हणजे पैसे उकळायचा धंदा, दुखलं की थांबायचं. रोज अर्धा तास केलं की तीन महिन्यांत दोन इंच वाढ पक्की. रिंग जितकी घट्ट आणि जितका वेळ, तितकं चांगलं. डायबिटीसवाल्यांनाही चालतं, डॉक्टरची गरज नाही.’

आधी शब्द समजून घ्या. पंपाचा नळा लिंगावर बसवून आतली हवा ओढली की रक्त आत येतं. ओढ किती ते दाखवणारा काटा म्हणजे गेज, आणि आलेलं रक्त अडवायला लिंगाच्या बुडाशी चढवायची ती रिंग. मेसेजमधलं पहिलं वाक्य बरोबर आहे. लुटले जाऊ नका. म्हणूनच पुढच्या वाक्यांना उत्तर द्यायला हवं, कारण त्या पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवून माणसं बाकीचं करून बसतात.

आधी ते दोन इंच. हे होत नाही. २००६ साली इराणमधल्या डॉक्टरांनी नेमकं हेच तपासलं होतं. ३७ पुरुष, आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी वीस मिनिटं, असं सहा महिने. सरासरी लांबी ७.६ सेंटिमीटरवरून ७.९ वर गेली. तीन मिलिमीटरचा फरक, आणि तोही मोजमापातल्या चढउतारापलीकडे ठामपणे जाणारा नव्हता. पंप काढल्यावर आरशात जे मोठं दिसतं त्यात रक्त असतं आणि कातडीखाली साचलेलं पाणी असतं. पाय लटकवून लांबचा प्रवास केला की घोटे सुजतात, तसलीच ती सूज. काही तासांत ओसरते. ओसरली म्हणून माणूस पुन्हा ओढतो, आणखी जोरात ओढतो, आणि तिथून इजा सुरू होते. आपल्या देशातल्या औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात, औषधाने बरं होतं असा दावा करू नये अशा गोष्टींची यादी आहे. लैंगिक अवयवाचा आकार वाढवणं त्या यादीत आहे. ज्या पेटीवर इंचांचं आश्वासन छापलंय तो पंप घेऊच नका. जो तिथे खोटं लिहितो, तो गेजच्या आकड्यांबद्दल खरं लिहील याची खात्री काय?

आणि ज्यांना आपण कमी पडतो असं वाटतं त्यांच्यासाठी एक आकडा सांगतो. २०१५ साली १५,५२१ पुरुषांची मोजमापं एकत्र करून पाहिली, तेव्हा ताठ अवस्थेतली सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर निघाली. पाच इंचांहून किंचित जास्त. हे सांगितल्यावर माझ्या काउंटरपुढचे निम्मे चेहरे सैल होतात. पंपाची गोष्ट तिथेच संपते, आणि मला ती विक्री न झाल्याचा आनंद होतो.

मग पंप कशासाठी? ताठरता येत नाही किंवा टिकत नाही, त्यांच्यासाठी. तिथे हे साधन खरोखर काम करतं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर युरोलॉजिस्ट ते सुचवतात. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू आहेत, त्यांना सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्राची गोळी, देताच येत नाही, कारण दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक खाली जातो. अशा माणसाला पंप हा मोठा आधार असतो. म्हणून ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही.

आता ब्रेकचा पंप. मेसेजमधला हा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धा खरा असल्यामुळेच जास्त घातक. गॅरेजमधून आलेली कल्पना म्हणून मी नाक मुरडणार नाही. हे साधन लोकांपर्यंत पोचवणारा अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातला गेडिंग्स ऑस्बन हा टायरच्या धंद्यातलाच माणूस. त्याने स्वतःसाठी बनवलं, वर्षानुवर्षं वापरलं, आणि १९८२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बाजारात आणायला परवानगी दिली. फरक एवढाच, की आज या साधनांसाठी तिथल्या प्रशासनाने मर्यादा घालून दिल्यात. ओढ पाऱ्याच्या १७ इंचांच्या वर जाऊ नये, आणि ती एका झटक्यात सोडवता आली पाहिजे. ब्रेकच्या पंपाला अशी मर्यादा कुणी घालायची? तो बनलाय गाडीच्या ब्रेकमधून ऑइल खेचायला.

त्या तिघांतला एक जण, चाळिशी ओलांडलेला, तो पंप स्कूटरच्या डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. पिस्तुलासारखी मूठ, वर काटा. मी म्हटलं, ‘बाब, नळीचं तोंड अंगठ्याने बंद कर आणि दाब.’ चार-पाचदा दाबल्यावर काटा २० इंचांच्या पुढे. अंगठा सोडवताना ‘टप्’ असा आवाज आला आणि अंगठ्याच्या पेरावर लाल गोल उमटला. काही सेकंदांचं काम. तो त्या गोलाकडे बघत राहिला. मला वेगळं काही बोलावं लागलं नाही. वर हा पंप गॅरेजमध्ये आधी वापरलेला असेल तर आत ब्रेक ऑइलचा अंश राहतो, आणि तो कातडीला आग आणतो. जुना तर मुळीच नको.

गेजचं मात्र नीट सांगतो, कारण माझ्या मते सगळा मेसेज इथे कोसळतो.

‘दुखलं की थांबायचं’ हे ज्याची संवेदना शाबूत आहे त्याच्यासाठीसुद्धा उशिराचं आहे. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटून लाल ठिपके उठतात, ते बऱ्याचदा न दुखता उठतात. आणि पंप लागतो कुणाला? बऱ्याचदा डायबिटीसवाल्याला. २०२३ साली आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरच्या पाहणीचे आकडे आले. देशात प्रौढांमध्ये डायबिटीसचं प्रमाण ११.४ टक्के, आणि सगळ्या राज्यांत वर कोण? आपला गोवा, २६.४ टक्के. चार प्रौढांमागे एक. आमच्याकडची जुनी माणसं ज्याला गोडेमूत म्हणतात, ते वर्षानुवर्षं अंगात राहिलं की नसा बधिर होऊ शकतात. पायात चप्पल नाही हे न कळणारी माणसं मी रोज पाहतो. ज्या नसांमुळे तळपायाचा खिळा कळत नाही, तशाच नसा इथेही असतात. त्या माणसाला ‘दुखलं की थांब’ सांगणं म्हणजे त्याला काहीच न सांगणं. त्याचं दुखणं त्याच्या वतीने काट्याने सांगायचं असतं.

काटा कसा वाचायचा हे मी बीपीच्या मशिनवर दाखवतो, कारण ते प्रत्येकाला माहीत आहे. बीपीचा पट्टा दाबतो आणि पंप ओढतो, पण माप तेच, पाऱ्याचे मिलिमीटर. दंडावरचा पट्टा १८० पर्यंत फुगवला की कसं आवळतं ते आठवा. ताठरता यायला बहुतेकांना १०० ते २०० मिलिमीटरच्या आसपासची ओढ पुरते, तीसुद्धा दोन-तीनदा दाबून, थोडं थांबून, मग पुन्हा, अशी टप्प्याटप्प्याने. बऱ्याच गेजवर आकडे इंचांत असतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. म्हणजे ४ इंच हे साधारण १००, ८ इंच हे साधारण २००, आणि १७ इंच म्हणजे ४३० च्या पुढे. ती वरची हद्द आहे, तिथे पोचायचं नसतं. काही गेज किलोपास्कलमध्ये असतात, तिथे १७ इंचांना साधारण ५८ येतात. हिरवा-पिवळा-लाल पट्टा आहे पण एककच लिहिलेलं नाही, असं गेज परत करा. तो नुसता रंगवलेला कागद आहे.

आता स्वस्तात काय घ्यायचं, हा खरा प्रश्न. महागच घ्या असं मी म्हणत नाही. हातपंप हाच चांगला, बॅटरीच्या पंपाला उगाच पैसे देऊ नका. हातपंपावर तुम्ही थांबलात की ओढ वाढणंही थांबतं. संधिवाताने मूठ वळत नाही त्यांची गोष्ट वेगळी. हातपंपात रबरी फुग्याचा मिळतो आणि मुठीचा मिळतो. फुगा हळू चढतो, नवख्याला तेच बरं. मुठीच्या पंपावर नियंत्रण जास्त, पण ओढ भराभर वाढते. माझ्या पाहण्यात साधा आणि गेजवाला यांत फरक काहीशे रुपयांचा असतो. पैसे वाचवायचे तर चकचकीत पेटीवर वाचवा, पिशवीवर, तेलांच्या बाटल्यांवर, ‘फ्री’ गोष्टींवर वाचवा. काटा आणि ओढ सोडायची झडप, या दोहोंवर नाही.

हातात आल्यावर वापरण्याआधी दोन मिनिटं द्या. नळीचं टोक अंगठ्याने बंद करून काटा ५ इंचांवर आणा आणि घड्याळात एक मिनिट बघा. काटा खाली सरकत असेल तर कुठेतरी हवा शिरतेय. मग झडप दाबा, काटा एका दमात शून्यावर यायला हवा. रेंगाळला तर पंप परत. नंतर कापसाचा बोळा घ्या आणि नळ्याच्या तोंडाच्या कडेवरून गोल फिरवा. स्वस्त नळ्याच्या साच्याची रेघ नीट घासलेली नसते. तुमच्या बोटाला ती जाणवत नाही, पण कापसाचे धागे तिथे अडकतात. जिथे धागा अडकतो तिथे कातडी कापते.

नळ्याची रुंदीही बघा. ताठ अवस्थेतला घेर दोऱ्याने मोजा, त्याला ३.१४ ने भागा, तो झाला व्यास. त्याहून नळा किंचितच मोठा हवा. फार रुंद असेल तर वृषणाची सैल कातडी आत ओढली जाते, आणि ते फार वाईट दुखतं.

आपल्या हवेचंही सांगायला हवं, कारण पेटीवर ते लिहिलेलं नसतं. गोव्याच्या पावसाळ्यात कपाटातला चामड्याचा पट्टा पांढरा होतो, तर ओली ठेवलेली रबरी नळी काय टिकणार? आतून काळी बुरशी धरते. साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, नळी उभी टांगून पूर्ण सुकवा. ॲक्रिलिकचा नळा सॅनिटायझरने किंवा स्पिरिटने पुसू नका, त्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा जातात आणि ओढीखाली तो तडकू शकतो. खोबरेल तेल घरात असतंच, पण ते रबराला खातं, रबर फुगून चिकट होतं. पाण्यात विरघळणारी जेल घ्या.

रिंगबद्दल मेसेज म्हणतो, जितका वेळ तितकं चांगलं. माझ्या मते त्यातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच. रिंग रक्त आत अडवून धरते, म्हणजे ताजं रक्त आत येणंही अडवते. तीस मिनिटं, त्यावर एक मिनिट नाही, आणि पुन्हा वापरायच्या आधी तासाभराची विश्रांती. रिंग लावून झोपायचं नाही. प्यायल्यावर लावायची नाही, कारण नंतर झोप लागते. धातूची नको, घरातला रबरबँड नको. दोन्ही बाजूंना धरून ओढायला कान असलेली मऊ रिंग घ्या. निघत नसेल, रंग काळानिळा पडत असेल, तर लाजत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा थेट इमर्जन्सी गाठा. तिथल्या डॉक्टरांनी याहून अवघड गोष्टी पाहिलेल्या असतात.

राहिली डॉक्टरची गरज. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, रक्त गोठत नसेल, सिकल सेल हा रक्ताचा आजार असेल, पूर्वी कधी ताठरता तासन्‌तास उतरली नसेल, किंवा लिंगाला वाक आला असेल, तर विचारल्याशिवाय पंपाला हात लावू नका. आणि ज्याला अलीकडेच ताठरता यायची कमी झालीय त्याने पंपाच्या आधी शुगर, बीपी आणि हृदय तपासून घ्यावं. लिंगाच्या बारीक रक्तवाहिन्या बऱ्याचदा आधी बंद होतात, हृदयाच्या नंतर. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, बांबोळीला युरोलॉजीची ओपीडी आहे. तिथल्या रांगेत तुमच्याकडे कुणी वळून बघत नाही, प्रत्येक जण आपापल्या फाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो.

तो स्कूटरवाला बाब पुढच्या आठवड्यात परत आला. ब्रेकचा पंप त्याने एका मेकॅनिक मित्राला देऊन टाकला होता. शुगर तपासलेली, उपाशीपोटी १९० च्या वर, त्याला पत्ताच नव्हता. गोळ्या चालू केल्यात, युरोलॉजीची तारीख मिळालीय. पंप घेऊ का, असं त्याने विचारलं. म्हटलं, तारीख होऊ दे, तोवर हा मेसेज ज्या ग्रुपवर आला होता तिथे एवढं तरी लिही, की गेज हवंच.