सगळे चढल्याशिवाय गाडी सुटणार नाही

नाशिकरोड ते कल्याण अशी अकरा वर्षं मी पंचवटी एक्सप्रेसने अप-डाउन केलं. गाडी सकाळी सातच्या सुमारास, म्हणजे माझा कुकर पाचला. त्या अकरा वर्षांत सासूबाईंपेक्षा जास्त बोलणं मी स्टेशनवरच्या अनाउन्समेंटवालीचं ऐकलं असेल. (सासूबाई फेसबुकवर नाहीत, म्हणून लिहितेय.) 'गाडी क्रमांक एक दोन एक एक शून्य' कानावर पडलं की पाय आपोआप आपल्या डब्याच्या जागेकडे वळायचे. इंडिकेटर बघायची गरजच नसायची. आमच्या डब्यात एक दृष्टिहीन गृहस्थ होते, त्यांना तर बघायची सोयच नव्हती. तेही त्या आवाजावरच बिनचूक डब्यापर्यंत यायचे.

परवा हा विषय घरात निघाला तेव्हा पुतण्या म्हणाला, "काकू, त्या बाई ते वाक्य कधी बोललेल्याच नाहीत."

तो कॉम्प्युटरवाला आहे, त्यामुळे मी आधी दुर्लक्ष केलं. पण त्याचं खरं होतं. 'गाडी क्रमांक' वेगळं रेकॉर्ड केलेलं, दहा आकडे वेगळे, गावांची नावं वेगळी, गाड्यांची वेगळी, 'फलाट क्रमांक' वेगळं, आणि ते दिलगिरीचं वाक्यसुद्धा वेगळं. स्टेशनातला माणूस फक्त गाडी, वेळ आणि फलाट निवडतो, वाक्य मशीन जोडतं. 20 डिसेंबर 2010 पासून गाड्यांचे नंबर पाच आकडी झाले, तरी कुणाला नवे आकडे रेकॉर्ड करावे लागले नसणार. शून्य ते नऊ तेच, फक्त एकदा जास्त ओवायचे. दिलगिरीचं म्हणाल तर गाडी पाच मिनिटं लेट असो की पाच तास, आवाज तितकाच प्रसन्न का असतो, ते मला त्या दिवशी कळलं. माफी मागितली तेव्हा गाडी लेट झालेलीच नव्हती!

मग मी त्यात शिरलेच. मराठीसाठी हे ओवणं किती अवघड आहे बघा. इंग्रजीत 'फॉर्टी' आणि 'सेव्हन' एकदा बोलून ठेवलं की काम झालं. आपल्याकडे सत्तेचाळीस वेगळं, अठ्ठेचाळीस वेगळं आणि एकोणपन्नास तर तिसऱ्याच घरातलं. मिनिटं सांगायची तर जवळजवळ प्रत्येक आकडा स्वतंत्र म्हणून ठेवावा लागतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तेचाळीसऐवजी 'चाळीस सात' आलं तेव्हा आपण सगळ्यांनी केवढा गहजब केला होता. अनाउन्समेंटच्या मशीनने मात्र त्या पुस्तकाला हार घातला असता.

गावांची नावं ही दुसरी पंचाईत. हिंदीत 'पुणे से', 'ठाणे से' म्हटलं की झालं, नावाला धक्का लागत नाही. मराठीत पुण्याहून, ठाण्याला, कसाऱ्याच्या. प्रत्यय लागला की नावाचं रूपच बदलतं. मशीनकडे 'पुणे' आहे, 'पुण्या' नाही. म्हणून ते 'येथून' आलं. 'पुणे येथून', 'मनमाड येथून'. मला वर्षानुवर्षं वाटायचं की ही सरकारी मराठीची खोड आहे. आता वाटतं, तुकडे जोडायचे तर त्याहून सोयीचा शब्द सापडणार नाही. घरी मात्र कुणी 'मी नाशिक येथून आले' म्हणालं तर आपण आधी तिचा ताप बघू.

आणि उच्चार. 'पंचेचाळीस' म्हणून बघा. पहिला च 'चहा'तला, दुसरा 'चांदणं'मधला. लिहिताना दोन्ही सारखेच. 'पाच'चा च एक, 'पंचवटी'चा दुसरा. कागदावर बघून वाचणाऱ्या यंत्राने हे ओळखायचं कशावरून? गाडी कुठे आहे हे बोलून दाखवणारं एक ॲप शेजारच्या सीटवर चालू होतं, ते 'देवलाली' म्हणालं. समोरचे आजोबा झोपेत होते असं मला वाटत होतं. डोळे न उघडता म्हणाले, "ळ. देवळाली."

हे सगळं सांगितलं म्हणजे मी मशीनच्या विरोधात आहे असं समजू नका. आधीचा काळही ऐकलाय. मायक्रोफोनमधून खर्रर्र आवाज यायचा, आणि 'काय म्हणाला हो?' असं शेजाऱ्याला विचारेपर्यंत गाडी यायची. 'यात्रीगण कृपया ध्यान दें' या आवाजासाठी ज्यांचं नाव घेतात त्या सरला चौधरी 1982 मध्ये मध्य रेल्वेत रोजंदारीवर लागल्या, 1986 मध्ये कायम झाल्या. तेव्हा घोषणा तोंडाने करायची असे. पुढे रेकॉर्डिंग आलं, त्या दुसऱ्या विभागात गेल्या आणि आवाज स्टेशनांवर राहिला. बाई एका टेबलावर, आवाज शेकडो फलाटांवर. लोकांना चेहरा माहीत झाला तोही फार उशिरा. परळी वैजनाथचा एक तरुण हुबेहूब तसाच बायकी आवाज काढून घोषणा करतो, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. रोजच्या वेळापत्रकासाठी हा ठरलेला आवाज उत्तमच आहे. स्पष्ट, न चिडणारा, न दमणारा.

माझं म्हणणं रोजच्याबद्दल नाहीच.

काही वर्षांपूर्वीचा जुलै. परतीचा प्रवास, वाटेतलं एक स्टेशन (नाव लिहीत नाही, कुणाची नोकरी नको जायला). घाटात काहीतरी अडकलेलं, तीन गाड्यांची गर्दी एका ठिकाणी साचलेली. बाई प्रसन्न आवाजात सांगत होत्या की आमची गाडी फलाट क्रमांक चारवर येत आहे. मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत, मग पुन्हा मराठीत. आणि आमच्या डोळ्यांदेखत गाडीचा दिवा एक नंबरच्या रुळावर दिसला.

पुढचं ज्यांनी अप-डाउन केलंय त्यांना सांगायला नको. चारवरची सगळी माणसं पुलाच्या जिन्याकडे. जिना ओला. समोरून उतरणारी माणसं वेगळीच. माझ्या पुढे एक बाई होती, कडेवर पोर आणि हातात पत्र्याची ट्रंक. मागून रेटा यायला लागला तेव्हा माझे पाय क्षणभर पायरीला टेकलेले नव्हते, हे मी अजून घरी नीट सांगितलेलं नाही. आणि वर अनाउन्समेंटवाली बाई म्हणतच होती, फलाट क्रमांक चार.

मग ती घोषणा मध्येच तुटली. खर्रर्र. कुणीतरी खाकरलं.

"ऐका. ऐका हो. गाडी एक नंबरला घेतलीय. चारवरचे लोक, पळू नका. जिन्यावर लेकरं आहेत. सगळे चढल्याशिवाय गाडी सुटणार नाही. गार्डशी बोललोय मी. सुटणार नाही."

भसाडा आवाज, बोली आपल्याकडचीच. शेवटचं 'सुटणार नाही' त्याने तीनदा म्हटलं. मागचा रेटा पहिल्यांदा सैल झाला, मग थांबला. कुणीतरी त्या बाईची ट्रंक धरली. गाडी खरंच थांबून राहिली, किती वेळ ते घड्याळात बघितलं नाही.

नंतर खूपदा मनात आलं की नेमकं काय लागू पडलं? 'पळू नका' नव्हे, ते तर भिंतीवरही लिहिलेलं असतं. माणूस पळतो कारण गाडी सुटेल ही भीती. ती भीती 'सुटणार नाही'ने काढली, आणि ते वाक्य मशीनमध्ये नव्हतं. असतं तरी आम्ही विश्वास ठेवला नसता, कारण मशीन तेव्हाही चार नंबरच म्हणत होतं. या माणसाला एक नंबरची गाडी खिडकीतून दिसत होती. जिन्यावर लेकरं आहेत हेही दिसत होतं.

15 फेब्रुवारी 2025 ची रात्र आठवा. प्रयागराजच्या कुंभाला निघालेली गर्दी, नवी दिल्ली स्टेशन, चेंगराचेंगरीत 18 जीव गेले. 'प्रयागराज एक्सप्रेस' आणि 'प्रयागराज स्पेशल' या सारख्या नावांच्या घोषणेने लोक गोंधळले, असं त्या वेळी दिल्ली पोलिसांनी सांगितलं होतं. नावातला एक शब्द सारखा, फलाट वेगळा.

आता आपल्याकडे या. 2027 मध्ये नाशिकच्या कुंभाची अमृतस्नानं आहेत. 2003 च्या कुंभातली चेंगराचेंगरी नाशिककरांना सांगायला नको. नाशिकरोडच्या फलाटावर पहिल्यांदाच आलेला एक यात्रेकरू डोळ्यांपुढे आणा. त्याला जायचंय रामकुंडावर, म्हणजे पंचवटीत. उतरल्या उतरल्या त्याच्या कानावर पडतं: पंचवटी एक्सप्रेस अमुक फलाटावर येत आहे. तो बिचारा पंचवटीला जाणाऱ्या गाडीकडे धावणार की नाही? ती गाडी मुंबईला चाललीय हे त्याला कोण सांगणार? तपोवनात साधुग्राम, आणि 'तपोवन एक्सप्रेस' जाते नांदेडला! आपल्याला ही नावं इतकी सवयीची झालीत की त्यातला विनोदही कळत नाही. पर्वणीच्या दिवशी हा विनोद राहणार नाही. त्यात प्रत्येक जादा गाडीचं नाव 'कुंभमेळा स्पेशल' ठेवलं की झालंच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. यंत्र कितीही नवं बसवा, आवाज हुशार संगणकाचा आणा, माझी ना नाही (फक्त आधी कुणा मराठी माणसाला ऐकवा, ळ आणि च तपासायला). पण गर्दीच्या दिवशी पुलाचे जिने दिसतील अशा जागी एक माईक आणि त्यामागे एक जिवंत माणूस बसवा. त्याला रेकॉर्डिंग मध्येच तोडायचा अधिकार द्या. गाडी थांबवणाऱ्याशी त्याचा थेट फोन द्या, नाहीतर 'सुटणार नाही' हे तो कशाच्या जोरावर म्हणेल? 'पंचवटी एक्सप्रेस मुंबईला जाते, रामकुंडाची बस बाहेर आहे' हे वाक्य त्याला आपणहून सुचलं पाहिजे, कुणी लिहून द्यायची वाट न बघता. हिंदी तर हवीच, तेलुगू-गुजरातीही असली तर सोन्याहून पिवळं. आवाज गोड नसला तरी चालेल.

त्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी परतीच्या वाटेत मी मुद्दाम त्या स्टेशनावर उतरले. घरची चकली होती बरोबर. खिडकीत विचारलं, परवा संध्याकाळी माईकवर कोण होतं? आतल्या माणसाने आधी मला नीट न्याहाळलं, तक्रार असेल या भीतीने. चकली पुढे केली तेव्हा हसला.

"ते होय. आज नाहीत. घसा बसलाय त्यांचा."