पदवीचे मोल परीक्षागृहात ठरते

नमस्कार,

ऑनलाइन पदव्यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण कळकळीने आणि सविस्तर लिहिलेत, म्हणून उत्तरही तितक्याच विस्ताराने देत आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे: विद्यापीठ अनुदान आयोगाने समकक्षतेचे पत्रक काढल्याने पदवीला किंमत येत नाही, घरी बसून दिलेल्या परीक्षेत उत्तरे नेमकी कोण लिहितो हे कोणी सांगू शकत नाही, आपण स्वतः नोकरभरतीचे काम पाहता आणि असे अर्ज आपल्या कंपनीत बाजूला ठेवले जातात, तेव्हा लहान गावांतील मुलांना हा मार्ग सुचवणे ही त्यांची दिशाभूल आहे.

पत्रकापासून सुरुवात करते. सप्टेंबर २०२२मध्ये आयोगाने स्पष्ट केले की मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन घेतलेली पदवी आणि पदव्युत्तर पदवी नियमित पदवीच्या समकक्ष मानली जाईल. त्यामुळे खासगी कंपनीचे मत बदलत नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण समकक्षतेने पात्रता मिळते आणि पात्रता ही क्षुल्लक गोष्ट नाही. पदवीअभावी बढती अडलेल्या लिपिकाला, राज्यसेवा परीक्षेचा अर्ज भरू पाहणाऱ्या पोलीस शिपायाला किंवा एम.ए.ला प्रवेश हवा असलेल्या गृहिणीला ‘तुमचे शिक्षण कोणत्या पद्धतीने झाले’ या कारणावरून दारातूनच परत पाठवता येत नाही. ज्यांच्यासाठी तो लेख लिहिला त्यांच्यातील अनेकांना पहिली गरज याच गोष्टीची आहे.

खासगी नोकरीच्या बाजारात या पदव्यांना कमी लेखले जाते, याबद्दल मात्र आपला अनुभव खरा आहे आणि त्याला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ डेमिंग आणि सहकाऱ्यांनी नोकरीसाठी काल्पनिक अर्ज पाठवून केलेल्या, २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की नफ्यासाठी चालणाऱ्या ऑनलाइन संस्थेची व्यवसाय विषयातील पदवी असलेल्या अर्जाला, सर्वांना सहज प्रवेश देणाऱ्या सामान्य सरकारी संस्थेच्या पदवीधराच्या तुलनेत, प्रतिसाद मिळण्याची शक्यता २२ टक्क्यांनी कमी होती. परंतु या आकड्यात ‘ऑनलाइन’ आणि ‘नफ्यासाठी’ या दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या आहेत, हे विसरता कामा नये. त्याच देशात जॉर्जिया टेक या सार्वजनिक संस्थेने जानेवारी २०१४पासून संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी सुमारे ७,००० डॉलरमध्ये ऑनलाइन देण्यास सुरुवात केली आणि आवारात शिकणाऱ्यांना जी पदवी मिळते तीच या विद्यार्थ्यांना दिली. स्वतःचे नाव पणाला लावणाऱ्या संस्थेची ऑनलाइन पदवी आणि प्रवेशसंख्या वाढवण्यासाठी उघडलेले ऑनलाइन दुकान यांना एकाच रांगेत बसवणे मला अन्यायाचे वाटते.

आता आपल्या सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे, म्हणजे परीक्षेकडे वळते. येथे आपले आणि माझे मत जवळपास एकच आहे. निष्कर्ष तेवढा वेगळा आहे. आयआयटी मद्रासने २०२०मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला, ज्याची पुढे चार वर्षांची बी.एस. पदवी झाली. जेईई न देताही तेथे येता येते, मात्र आधी चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. व्याख्याने घरी ऐकायची, स्वाध्याय घरी करायचे, पण सत्रातील चाचण्या आणि अंतिम परीक्षा ठरलेल्या शहरांतील केंद्रांवर, ओळखपत्र दाखवून, पर्यवेक्षकासमोर द्यायच्या. प्रवेशाचे दार रुंद आणि पुढच्या पायऱ्या कठीण अशी ही रचना आहे. अशा पदवीबद्दल ‘लिहिले कोणी?’ हा प्रश्न शिल्लक राहत नाही. व्याख्यान कोठे ऐकले याला फारसे महत्त्व नाही. परीक्षा कोठे झाली आणि ती कोणाच्या देखरेखीखाली झाली, यावर पदवीची विश्वासार्हता उभी असते.

आयोगाच्या २०२०च्या विनियमांनुसार सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के भार द्यावा लागतो, ही चांगली तरतूद आहे. पण तेच विनियम कॅमेऱ्याच्या दूरस्थ देखरेखीखाली घरून परीक्षा घेण्याचीही मुभा देतात, आणि ती मुभा मला मान्य नाही. बहुपर्यायी प्रश्न, घरातील खोली आणि लॅपटॉपचा कॅमेरा एवढ्यावर कोणत्याही पदवीची इभ्रत टिकणार नाही. त्याच वेळी हेही म्हणावे लागेल की ज्या नियमित महाविद्यालयांत हजेरी कागदावर लागते, अंतर्गत गुण सरसकट वाटले जातात आणि परीक्षेत कॉपी चालते, तेथील पदवीला आपण हा प्रश्न विचारत नाही. कसोटी लावायची तर ती दोघांनाही लावायला हवी.

फसवणुकीचा धोका मी कमी लेखत नाही. चार अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षण परिषदेच्या मंजुरीविना दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या आणि नोव्हेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांपैकी २००५नंतरच्या प्रवेशांच्या पदव्या रद्द केल्या. संस्थेच्या चुकीची किंमत नोकरीत स्थिरावलेल्या माणसांनी मोजली. म्हणून अभियांत्रिकी, वैद्यक, विधी, परिचर्या यांची पदवी कोणी ऑनलाइन देऊ केली तर तेथून निघून यावे, हे मी पुन्हा सांगते. विद्यापीठाचे नाव मोठे असणे पुरेसे नाही. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्याच विद्यापीठाच्या, त्याच अभ्यासक्रमाला, त्याच वर्षासाठी मान्यता आहे का, हे पाहावे. ‘पास होण्याची हमी’ देणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नये.

राहिला दिशाभुलीचा आरोप. ज्या मुलीला पुण्यात किंवा कोल्हापुरात राहून शिकणे परवडते, तिने महाविद्यालयातच जावे. प्रयोगशाळा, ग्रंथालय, वर्गातील वादविवाद आणि मैत्री यांना पर्याय नाही. पण मी रविवारी एका अभ्यासकेंद्रावर शिकवते आणि तेथे येणाऱ्यांपुढे महाविद्यालय हा पर्यायच नसतो. रात्रपाळी संपवून आलेल्या सुरक्षारक्षकापुढे किंवा लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या अंगणवाडी सेविकेपुढे निवड असते ती हा मार्ग किंवा काहीच नाही, या दोहोंतली. नाशिकला १९८९मध्ये मुक्त विद्यापीठ उभे राहिले आणि डॉ. राम ताकवले यांनी त्याचे पहिले कुलगुरूपद सांभाळले, ते याच लोकांसाठी. जॉर्जिया टेकच्या अभ्यासक्रमावर झालेल्या संशोधनातही दिसले की तेथे प्रवेश न मिळालेल्यांपैकी फारच थोड्यांनी दुसरीकडे पदव्युत्तर शिक्षण घेतले.

आपण भरतीच्या जागी बसला आहात, म्हणून एक विनंती करते. असा अर्ज बाजूला ठेवण्याआधी संस्था कोणती आणि परीक्षा केंद्रावर झाली की घरी, एवढे उमेदवाराला विचारावे, आणि नंतर इतरांना जी चाचणी देता तीच त्यालाही द्यावी. त्यात तो कमी पडला, तर त्याला नाकारण्याचा आपला अधिकार मी मुळीच नाकारणार नाही.