दहा हजार मतं म्हणजे नागपूरचं मत नव्हे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा फिरतो: ‘ऑनलाइन पोलमध्ये दहा हजार नागपूरकरांनी मत दिलं. समाजशास्त्रवाले चारशे जणांना विचारून चोवीस लाखांच्या शहरावर बोलतात. मग खरं कोणाचं?’ चारशे जणांचं, ते नीट निवडले असतील तर.

‘संख्या मोठी, म्हणून खरी.’ 1936 च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी तिथल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी मतपत्रिका पाठवल्या. 20 लाखांहून जास्त परत आल्या, त्यावरून लँडन जिंकणार असं छापलं. जिंकले रूझवेल्ट, 48 पैकी 46 राज्यांत. नावं बरीचशी टेलिफोन आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेली, आणि उत्तर पाठवणारे न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे. आपणहून मत देणाऱ्यांचा हा दुसरा दोष ऑनलाइन पोलमध्येही असतो. आणखी लाखभर मतांनी तो धुतला जात नाही.

‘चोवीस लाखांना चारशे अपुरे.’ यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निवड असेल तर 400 उत्तरांवर, 95 टक्के विश्वासपातळीला (अशा शंभर पाहण्यांपैकी सुमारे 95 मध्ये), चूक अधिक-उणे 5 टक्क्यांच्या आसपास. 1,000 वर 3. शहर दहापट मोठं असलं तरी जवळपास तेवढीच. महापालिकेच्या झोनवार निष्कर्ष हवे असतील तर मात्र 400 खरंच कमी: दहा झोनांत प्रत्येकी 40, म्हणजे चूक 15 टक्क्यांवर.

‘बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दिसेल त्याला विचारलं, झालं यादृच्छिक.’ हा गैरसमज सर्वांत घातक, कारण तो विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतही शिरतो. यादृच्छिक निवडीत प्रत्येकाला संधी असते आणि ती किती, हे आधीच ठाऊक असतं. हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीवर असलेल्याला, अंथरुणाला खिळलेल्याला बर्डीवर ती मिळतच नाही. त्यापेक्षा मतदार यादी घ्या. समजा, एका भागाच्या यादीतल्या 24,000 नावांतून 400 हवीत, तर अंतर 60. 1 ते 60 मधला एक आकडा चिठ्ठीने काढा. 17 निघाला तर 17, 77, 137 असं पुढे जा. घराला कुलूप असलं तर शेजाऱ्याला विचारून काम उरकू नका. संध्याकाळी जा, रविवारी जा. नाहीतर दुपारी घरी सापडणारेच नमुन्यात, म्हणजे विचारलेल्या लोकांत, भरतात. यादीत 18 वर्षांखालचे नसतात, नाव गावीच ठेवून इथे राबणारे मजूरही नसतात. अहवालात हे लिहायलाच हवं.

प्रश्नही तपासा. ‘मेट्रो स्वस्त आणि सोयीची वाटते का?’ हे दोन प्रश्न आहेत. सोयीची पण महाग म्हणणाऱ्याने काय सांगायचं? ते वेगळे करा आणि नमुन्याबाहेरच्या वीसेक जणांना आधी विचारून पाहा.